मऊ जेल, कडक रबर आणि एकच चुंबकी पावडर: तापमान बदलत रेझोनन्स कसा मोजायचा

दोन ट्यूब घ्या. दोन्हीत तेच दहा नॅनोमीटरचं मॅग्नेटाइट, त्याच बाटलीतलं, त्याच दिवशी मिसळलेलं, फरक एवढाच की एकीत ते कडक सिलिकॉन रबरमध्ये अडकलंय आणि दुसरीत दह्यासारख्या मऊ सिलिकॉन जेलमध्ये. आता दोन्ही ट्यूब चुंबकाच्या फील्डमध्ये ठेवून १२० केल्विनपर्यंत गार करा, मग फील्डच्या दिशेशी ट्यूबचा कोन बदलत रेझोनन्सची लाइन, म्हणजे मायक्रोवेव्ह कुठल्या फील्डला शोषली जाते ते, बघा. कडक रबरवाली लाइन जागची हलत नाही, जेलवाली मात्र कोनाप्रमाणे सरकते. चुंबकी कण तेच असताना फरक पडला तो कण ज्यात बसलेत त्या मटेरियलमुळे. ही एक गोष्ट नीट मोजता आली की या विषयातला निम्मा गोंधळ संपतो, म्हणून हे सगळं पहिल्यापासून लिहितोय, एम.एस्सी. प्रोजेक्ट किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातल्या मुलामुलींना डोळ्यासमोर ठेवून.

आधी थोडं डोक्यात बसवून घ्या

इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स म्हणजे ईएसआर पहिल्यांदा दिसला १९४४ मध्ये रशियात कझानला, झावोयस्कीला, आणि फेरोमॅग्नेटिक रेझोनन्स म्हणजे एफएमआर १९४६ मध्ये ग्रिफिथ्सला. ग्रिफिथ्सचे आकडे नेहमीच्या सूत्रात बसत नव्हते, मग किटेलने दाखवलं की सॅम्पलचा आकारच रेझोनन्सची जागा हलवतो. हा आकाराचा मुद्दा पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा.

मोजताना आपण मायक्रोवेव्हची फ्रिक्वेन्सी कायम ठेवतो, एक्स बँडला साधारण ९.५ गिगाहर्ट्झ, आणि फील्ड हळूहळू वाढवत नेतो. जिथे शोषण होतं ते रेझोनन्स फील्ड. हिशोब सोपा आहे: फील्ड मिलिटेस्लामध्ये हवं असेल तर ७१.४५ गुणिले गिगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी, भागिले जी फॅक्टर, म्हणजे त्या मटेरियलचा एक आकडा, सुट्या इलेक्ट्रॉनला जवळपास दोन. जी दोन धरला तर ९.५ गिगाहर्ट्झला ३३९ मिलिटेस्ला येतं.

तापमान बदललं की दोन वेगळी कामं एकदम सुरू होतात. एक चुंबकी: गार केलं की कणाचं मॅग्नेटायझेशन थोडं वाढतं आणि कणाच्या आतल्या मोमेंटचं, म्हणजे त्याच्या चुंबकी बाणाचं, उड्या मारणं, म्हणजे नेल रिलॅक्सेशन, मंदावतं. दुसरं यांत्रिक: जेल घट्ट होतं, मग काही भाग स्फटिक होतो, शेवटी काच होते, म्हणजे स्फटिक न होता गोठून कडक होतं (ग्लास ट्रान्झिशन). दोन्हीमुळे लाइन रुंद होते, दोन्हीमुळे सरकते, आणि नुसता ग्राफ बघून कुठलं कशामुळे झालं ते कळत नाही. बरेच जण सगळं चुंबकी खात्यात टाकून मोकळे होतात, मीही सुरुवातीला तेच केलं होतं.

इथे एक शंका येते आणि ती यायलाच हवी. मायक्रोवेव्हचं एक आवर्तन साधारण ०.१ नॅनोसेकंदाचं, एवढ्या वेळात अख्खा कण जेलमध्ये वळूच शकत नाही, पाण्यासारख्या पातळ द्रवात सुद्धा अशा कणाला वळायला मायक्रोसेकंद लागतो, मग जेलचा मऊपणा रेझोनन्सला कळतो कसा? तर तो कळतो डीसी फील्डमधून. फील्ड आपण मिनिटभर, चार मिनिटं, वीस मिनिटं घेऊन वाढवतो, आणि तेवढ्या वेळात कण निवांत वळतो, जेल ताणलं जातं, काही वेळा कण शेजाऱ्याकडे सरकतात पण. म्हणजे मायक्रोवेव्ह फक्त फोटो काढतेय, हालचाल होतेय ती स्वीपच्या वेळात. व्हिस्कोइलॅस्टिक, म्हणजे थोडं रबरासारखं आणि थोडं घट्ट द्रवासारखं वागणाऱ्या मटेरियलसाठी घड्याळ म्हणजे तुमचा स्वीप टाइम, आणि तो नोंदवला नसेल तर ती रीडिंग परत वापरता येत नाही.

मऊ म्हणजे किती मऊ, हे आधी कागदावर

सॅम्पल बनवायच्या आधी हा पाच मिनिटांचा हिशोब करा, महिनाभराचं काम वाचतं. लवचिक मटेरियलमध्ये अडकलेल्या गोल कणाला वळवायला लागणारा टॉर्क म्हणजे सहा गुणिले शिअर मॉड्युलस (मटेरियल किती कडक याचा आकडा) गुणिले कणाचं आकारमान गुणिले कोन. मोमेंटला कणातली ठरावीक दिशा किती आवडते ते अ‍ॅनिसोट्रॉपी सांगते, आणि फील्ड जास्तीत जास्त जो टॉर्क लावू शकतं तो अ‍ॅनिसोट्रॉपी गुणिले आकारमान. दोन्ही समान धरले की आकारमान उडून जातं आणि कोन मिळतो: अ‍ॅनिसोट्रॉपी भागिले सहा पट मॉड्युलस.

मॅग्नेटाइटची अ‍ॅनिसोट्रॉपी साधारण दहा हजार ज्यूल प्रति घनमीटर धरा. कडक सिलिकॉन रबरचं शिअर मॉड्युलस अर्धा ते एक मेगापास्कल, तर कोन येतो ०.००२ ते ०.००३ रेडियन, म्हणजे कण अडकलेला, विषय संपला. मऊ जेलचं शिअर मॉड्युलस दीड-दोन किलोपास्कल घेतलं तर कोन येतो जवळपास एक रेडियन, म्हणजे कण चांगलाच वळणार. हा हिशोब ढोबळ आहे, दहा नॅनोमीटरच्या कणाला जेल हे सलग मटेरियल दिसतच नाही, त्याला जाळीची भोकं दिसतात, शिवाय खोलीच्या तापमानाला थर्मल झटके याच ऊर्जेच्या आसपास आहेत त्यामुळे सगळे कण ओळीत येणार नाहीत. तरी कुठलं सॅम्पल हलणारं आणि कुठलं न हलणारं एवढं सांगायला पुरतो.

कार्बोनिल आयर्न वापरायचा मोह होईल कारण मॅग्नेटोरिऑलॉजिकल इलॅस्टोमर, म्हणजे चुंबकी कण घातलेलं रबर, म्हटलं की सगळीकडे तेच दिसतं. एक्स बँडला नका वापरू. लोखंडाच्या गोल कणाला आतून सॅच्युरेट करायलाच साधारण ०.७ टेस्ला लागतात आणि आपला रेझोनन्स ०.३४ च्या आसपास, म्हणजे कण अर्धवट सॅच्युरेट असतानाच मोजणी होते आणि लाइन वेडीवाकडी येते. त्यात मायक्रोवेव्ह लोखंडात एक-दीड मायक्रॉनच्या पुढे जात नाही आणि कण असतो पाच-सहा मायक्रॉनचा. क्यू बँड असेल, म्हणजे ३४-३५ गिगाहर्ट्झ आणि १.२ टेस्ला, तर विचार करा.

सॅम्पल बनवणं

मॅग्नेटाइट को-प्रेसिपिटेशनने करा, सगळ्यात सोपं. एक ग्रॅमसाठी फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट २.३४ ग्रॅम आणि फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट ०.८६ ग्रॅम, हे मोलच्या हिशोबात दोनास एक होतं. नायट्रोजन सोडून हवा काढलेल्या पाण्यात विरघळवा, गरम करून जोरात ढवळत अमोनिया घाला, मिश्रण लगेच काळं होतं. फ्यूम हूडमध्येच करा, अमोनियाची वाफ डोळ्यांना आणि छातीला लागते. मग ओलेइक अ‍ॅसिडचा थर, मग चुंबक लावून धुणं, मग हेक्झेनमध्ये डिस्पर्स करणं.

ओलेइलअमाइनचा थर असलेले कण इथे वापरू नका. प्लॅटिनमने क्युअर होणाऱ्या, म्हणजे जाळी बनून घट्ट होणाऱ्या, सिलिकॉनला अमाइन, गंधक आणि टिन ही तिन्ही विष आहेत, क्युअर होतच नाही. माझी पहिली चार सॅम्पलं दोन दिवसांनी पण चिकटच होती आणि कारण निघालं हातातले लेटेक्सचे ग्लोव्ह, त्यातल्या गंधकामुळे. तेव्हापासून मी व्हिनाइलचे ग्लोव्ह घालतो आणि प्रत्येक नव्या कणांच्या बॅचचा एक थेंब सिलिकॉन आधी क्युअर करून बघतो.

मॅट्रिक्ससाठी, म्हणजे कण ज्यात बसतात त्या मटेरियलसाठी, बाजारात मिळणारं सिलिकॉन सिलगार्ड १८४ दहास एक प्रमाणात, हे कडक, आणि सिलगार्ड ५२७ एकास एक, हे जेल. दोन्ही पीडीएमएस (पॉलिडायमिथाइलसिलोक्सेन) हेच सिलिकॉन, म्हणजे केमिस्ट्री जवळपास तीच, फरक मुख्यतः जाळी किती घट्ट याचा, म्हणून तुलना रास्त होते. कण वजनाने एक टक्का घाला, आकारमानाने ते फक्त ०.२ टक्का पडतात. जास्त घालायची घाई नको, ओलेइक अ‍ॅसिडचा थर सिलिकॉनशी फारसा जमवून घेत नाही आणि प्रमाण वाढवलं की गुठळ्या होतात, मग तुम्ही एकट्या कणाचं नाही तर गुठळीचं मोजताय. मिसळून झालं की हेक्झेन पूर्ण उडू द्या, नंतर व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढा. हेक्झेन राहिलं तर मॅट्रिक्स फुगलेलं राहतं आणि गार करताना वेगळंच वागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी तीन आठवडे वाया घालवून शिकलो. सॅम्पल थेट क्वार्ट्झ ट्यूबमध्येच ओता आणि तिथेच क्युअर करा. मी आधी शीट बनवून त्यातला चपटा तुकडा कापून ट्यूबमध्ये टाकायचो. पीडीएमएस दर अंशाला लांबीत साधारण दहा लाखात तीनशे भाग आकसतं, दीडशे अंश गार केलं की लांबीत चार-साडेचार टक्के, त्यामुळे तुकडा ट्यूबमध्ये सुटा झाला आणि फील्डमध्ये सरळ वळला, कारण चपट्या चुंबकी तुकड्याला फील्डच्या दिशेत पडून राहायला आवडतं. मला वाटलं कण वळतायत. प्रत्यक्षात अख्खा तुकडा फिरत होता.

आणि आकार गोल दंडगोलच हवा, उभ्या ट्यूबमध्ये. फील्ड आडवं असतं, ट्यूब स्वतःभोवती फिरवली की कोन बदलतो पण गोल दांड्याचा आकार फील्डला सगळीकडून तसाच दिसतो, म्हणजे किटेलवाला आकाराचा परिणाम कोनाबरोबर बदलत नाही. चपट्या सॅम्पलमध्ये तो किती मोठा असतो बघा: मॅग्नेटाइट आकारमानाने १० टक्के असेल तर सरासरी मॅग्नेटायझेशन ६० मिलिटेस्लाच्या जवळ, आणि ३४० ची लाइन फील्ड शीटच्या समांतर असताना ३११ ला, उभं असताना ४०० ला दिसते. जेलचं काही मोजायच्या आत आकारानेच नव्वद मिलिटेस्ला खाल्ले.

चार मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची ट्यूब असेल तर तीन मिलिमीटर उंचीचं सॅम्पल पुरे, वीस मिलिग्रॅमच्या आसपास भरतं आणि त्यात मॅग्नेटाइट फक्त ०.२ मिलिग्रॅम. एवढं कमी कशाला असं वाटेल, पण जास्त घेतलं की कॅव्हिटीचा (सॅम्पल ठेवतो त्या मायक्रोवेव्ह डबीचा) क्यू, म्हणजे मायक्रोवेव्ह साठवायची क्षमता, पडतो आणि लाइनचा आकार बिघडतो. शेजारी वेगळ्या बारीक कॅपिलरीत चिमूटभर डीपीपीएच ठेवा, ही ईएसआरमध्ये तुलनेसाठी वापरायची ठरलेली पावडर, त्याचा जी २.००३६, ही तुमची पट्टी.

मशीनवर

स्वतःच्या डिपार्टमेंटमध्ये ईएसआर नसेल तर आयआयटी मुंबईच्या सैफमध्ये, म्हणजे तिथल्या सामायिक उपकरण केंद्रात, सॅम्पल मोजून घेता येतं, पण वेळ घेताना तापमानाची रेंज, कोन बदलायची सोय आणि सॅम्पल फील्डमध्ये गार करायला लागेल हे तिन्ही आधी लेखी कळवा, नाहीतर तिथे पोचून खोलीच्या तापमानाचा एक स्पेक्ट्रम घेऊन परत यावं लागेल.

नायट्रोजन गॅसवाला क्रायोस्टॅट असेल तर १०० ते ४०० केल्विन आरामात मिळतं आणि या कामाला तेवढंच लागतं, कारण पीडीएमएसचं ग्लास ट्रान्झिशन साधारण १५० केल्विनला आणि स्फटिक वितळतात ते २२८ ते २३३ च्या आसपास. चारशेच्या वर मी जात नाही, हवेत तापवत नेलं की मॅग्नेटाइटचं ऑक्सिडाइझ होऊन हळूहळू मॅगहेमाइट व्हायला लागतं आणि मग परत खाली आल्यावर ते सॅम्पल तेच राहत नाही. ट्यूब सीलबंद करू नका, वरून सैल टोपी ठेवा. कॅव्हिटीतून कोरडा नायट्रोजन चालू ठेवा म्हणजे दव गोठत नाही.

प्रत्येक तापमानाला किती थांबायचं? सॅम्पलच्या आत उष्णता पोचायला साधारण वीस सेकंद लागतात, पीडीएमएस उष्णतेला आळशी असलं तरी सॅम्पल छोटं आहे. खरा वेळ क्रायोस्टॅट स्थिर व्हायला लागतो, म्हणून दहा मिनिटं. जेल स्फटिक होतं त्या पट्ट्यात, म्हणजे १९० ते २३० केल्विनमध्ये, मी वीस मिनिटं थांबतो, कारण स्फटिक होणं ही वेळ खाणारी गोष्ट आहे.

आता खरा प्रोटोकॉल. आधी चुंबकाचं उरलेलं फील्ड घालवा, उलटसुलट फील्ड कमी कमी करत शून्यावर आणा, कारण इलेक्ट्रोमॅग्नेट बंद केला तरी काही मिलिटेस्ला राहतात आणि शून्य फील्ड म्हणजे शून्यच लागतं. सॅम्पल ३२० केल्विनला दहा मिनिटं ठेवा. मग फील्ड न लावता मिनिटाला पाच अंशाने १२० पर्यंत गार करा. तिथे ट्यूबचा कोन शून्य, तीस, साठ, नव्वद करत स्पेक्ट्रम घ्या. मग परत ३२० ला जा, आता पूर्ण फील्ड लावून दहा मिनिटं थांबा, फील्ड चालू ठेवूनच १२० ला या, आणि तेच चार कोन. ट्यूबवर मार्करने खूण केलेली हवीच, फील्डमध्ये गार होताना कुठली बाजू समोर होती ते नंतर आठवत नाही. कडक आणि मऊ, दोन्ही सॅम्पलवर हे सगळं सारखंच करायचं.

यानंतर तापमानाची मालिका, १२० पासून ३२० पर्यंत वर आणि मग परत खाली, दहा-दहा अंशांनी. फक्त वर जाताना मोजून थांबू नका, खाली येतानाची बाजू तितकीच कामाची आहे.

आणि स्वीपची चाचणी. एका तापमानाला, २५० केल्विन चांगलं, तोच स्पेक्ट्रम तीस सेकंदात, चार मिनिटांत आणि वीस मिनिटांत घ्या, फील्ड वाढवत आणि कमी करत दोन्ही. लाइनची जागा स्वीपबरोबर बदलली तर मॅट्रिक्स त्या वेळात हलतंय. पण थांबा, सिग्नल गाळणाऱ्या लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायरचा टाइम कॉन्स्टंट मोठा असेल तरी वेगाच्या स्वीपमध्ये लाइन सरकल्यासारखी दिसते, म्हणून डीपीपीएचची लाइन सरकली का ते आधी बघा. ती बारीक लाइन आहे, अर्धा मिलिटेस्ला सुद्धा नाही, त्यामुळे वेगाच्या स्वीपला टाइम कॉन्स्टंट पुरेसा लहान ठेवला नाही तर तीच पहिली बोंब मारते.

आकडे हातात आल्यावर

प्रत्येक स्पेक्ट्रममागे फ्रिक्वेन्सी लिहून ठेवा. तापमान बदललं की कॅव्हिटीची फ्रिक्वेन्सी सरकते, दहा मेगाहर्ट्झ म्हणजे ०.३६ मिलिटेस्ला, आणि आपल्याला तेवढा फरक पण महत्त्वाचा आहे. म्हणून फील्डऐवजी इफेक्टिव्ह जी काढून तुलना करा. स्पेक्ट्रम डेरिव्हेटिव्ह असतो, त्यातून तीन गोष्टी घ्या: शून्य ओलांडायची जागा, वरच्या आणि खालच्या टोकांमधली रुंदी, आणि दोनदा इंटिग्रेट केलेला एरिया. १५८ मिलिटेस्लाजवळ छोटी टोकदार लाइन दिसली तर घाबरू नका, ती जी ४.३ वाली सुट्या फेरिक आयनांची, धुणं कमी पडलंय एवढंच.

आधी कडक सॅम्पल समजून घ्या. गार करत गेलं की लाइन रुंद होत जाते आणि कमी फील्डकडे सरकते, हे सुपरपॅरामॅग्नेटिक कणांचं, म्हणजे ज्यांचा मोमेंट उष्णतेने आपोआप उलटतो अशा बारीक कणांचं, ठरलेलं वागणं, कारण गरम असताना मोमेंट वेगाने हलून अ‍ॅनिसोट्रॉपीची सरासरी काढून टाकतो आणि गार झाल्यावर तो आधार राहत नाही. हे वळण गुळगुळीत असायला हवं. १२० केल्विनजवळ व्हेरवे ट्रान्झिशनची, म्हणजे मॅग्नेटाइटची रचना एकदम बदलते त्याची, वाट बघत बसू नका, ते मोठ्या शुद्ध मॅग्नेटाइटमध्ये दिसतं, दहा नॅनोमीटरच्या थोड्या ऑक्सिडाइझ झालेल्या कणांत बहुतेक वेळा दिसतच नाही.

मग त्याच ग्राफवर जेल ठेवा आणि वजाबाकी करा. दोन्हीत सारखं आहे ते कणांचं, उरलं ते मॅट्रिक्सचं. उरलेल्यात तीन खुणा शोधा. एक, वर जाताना आणि खाली येताना वेगळे रस्ते, विशेषतः १९० ते २३० केल्विनमध्ये, कारण पीडीएमएस गार होताना उशिरा स्फटिक होतं आणि गरम होताना वेगळ्याच तापमानाला वितळतं. एकट्या कणांच्या अ‍ॅनिसोट्रॉपीत या जागी असा लूप यायचं काही कारण नाही. दोन, फील्डमध्ये गार केलेल्या सॅम्पलमध्ये शून्य अंशाला लाइन खालच्या फील्डला आणि नव्वदला वरच्या. सगळे कण पूर्ण ओळीत असते तर हा फरक ६५-७० मिलिटेस्लापर्यंत गेला असता, प्रत्यक्षात त्याच्या बराच कमी येतो आणि तसाच यायला हवा, थर्मल झटक्यांमुळे. तीन, गरम करत नेलं की हा कोनाचा फरक कुठल्या तापमानाला विरघळतो. दीडशेला ग्लास ट्रान्झिशन ओलांडताना की २३० ला स्फटिक वितळताना? माझ्या जेलमध्ये तो वितळण्याच्या आसपास गेला, म्हणजे कणांना धरून ठेवणारे स्फटिक होते, काच नाही, आणि मला तरी या सगळ्या खटाटोपातून मिळालेली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते, की चुंबकी लाइन बघून पॉलिमर कधी वितळलं ते सांगता येतं.

रिओमीटरचा, म्हणजे मटेरियलचा मऊपणा मोजणाऱ्या यंत्राचा, डेटा जोडायचा असेल तर फ्रिक्वेन्सी जुळवा. तुमचा स्वीप काही मिनिटांचा आहे, म्हणजे रिओमीटरवरही ०.०१ हर्ट्झच्या आसपासचं मोजमाप हवं. एक हर्ट्झचा मॉड्युलस छापून त्यावर चुंबकी निष्कर्ष काढलेले बरेचदा दिसतात आणि ग्लास ट्रान्झिशनजवळ तिथेच चूक होते, कारण डब्ल्यूएलएफ या पॉलिमरच्या नेहमीच्या सूत्राप्रमाणे त्या भागात काही अंशांत रिलॅक्सेशनचा वेळ कितीतरी पट बदलतो.

शेवटी एकदा सॅम्पल ३२० ला परत आणून, फील्ड न लावता १२० पर्यंत गार करून, पहिला स्पेक्ट्रम पुन्हा घ्या. तो पहिल्यावर बसला तर सगळं ठीक. नाही बसला तर कण सरकून साखळ्या झाल्यात, नाहीतर सॅम्पल ट्यूबपासून सुटलंय, आणि मग आधीचे सगळे कोन परत मोजायचे.